पंचमीची पाऊणपट

बत्तीस वर्षे भूमापन खात्यात दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला निवृत्तीनंतर मोजण्यास दुसऱ्याचे काही उरत नाही आणि स्वतःचे काही नसते. म्हणून मग तो दुधावरील सायीची जाडी, शेजाऱ्याच्या कुंपणाचा आपल्या बाजूस आलेला कल आणि जावयाच्या दोन भेटींमधील अंतर असल्या गोष्टींची नोंद ठेवू लागतो. माझी ही अवस्था पाहून आमच्या चिरंजीवांनी गेल्या कार्तिकात असे फर्मान काढले की, आईने व बाबांनी आठ दिवस समुद्रकाठी जाऊन यावे, तिकडचे खावे, देवळे, किल्ले आणि नाटके पाहावीत, खर्च मी करीन; मात्र जागा एकच निवडावी, कारण बाबा दोन ठिकाणी गेले की दोहोंची तुलना करीत बसतात आणि कोठेच पोहोचत नाहीत. महाराष्ट्राचा किनारा परंपरेने सुमारे ७२० किलोमीटर लांब मानला जातो. परंतु आमच्या घरात त्यातील दोनच प्रांत निवडणुकीस उभे राहिले: उत्तरेकडून अलिबाग-चौल-रेवदंड्याचे अष्टागर, आणि दक्षिणेकडून मालवण. पहिल्याचा वकील मी होतो. दुसऱ्याची वकील आमची सौभाग्यवती होती. न्यायाधीशही मीच असल्यामुळे निकालाविषयी मला फारशी काळजी वाटत नव्हती.

तरीसुद्धा न्याय झालेला दिसावा म्हणून मी एक कोरे दप्तर उघडले, फुलस्केप कागदावर सात रकाने आखले (अंतर, खर्च, मुक्काम, भोजन, प्रेक्षणीय स्थळे, लोककला आणि शेरा) आणि उभय पक्षांस आपापली कैफियत सादर करण्यास पंधरा दिवसांची मुदत दिली. माझी कैफियत एकोणीस पृष्ठांची झाली. सौभाग्यवतीने भाजी निवडता निवडता एवढेच सांगितले, “मालवणला जाऊ.” कारण विचारले तेव्हा म्हणाली, “मला जायचंय म्हणून.” मी रीतसर नोंद केली: ‘अर्जदाराने कारण नमूद केलेले नाही.’

अष्टागराच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. एक तर पुण्याहून ते दीडशे किलोमीटरांच्या आत आहे आणि मालवण पावणेचारशेच्या घरात. दुसरे असे की, आठ आगरांचा हा प्रदेश असला तरी ती आठ कोणती हे कोणत्याही दोन अष्टागरकरांस विचारले असता दोन याद्या मिळतात, आणि हद्दीचा वाद जेथे चालू आहे तेथे माझ्यासारख्याचे मन रमते. शिवाय अक्षीचा शिलालेख! शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा त्याचा काळ मानला जातो, मराठीतील आद्य लेखांत त्याची गणना होते, आणि त्यात काव्य नाही, तत्त्वज्ञान नाही. देवीच्या नावे धान्य लावून दिल्याची ती सरळ सरळ नोंद आहे. माझी मायबोली दगडावर उमटली ती एखाद्या कारकुनाच्या हातून, ही कल्पना मला इतकी प्रिय आहे की तिच्यासाठी मी कोणत्याही माशावर पाणी सोडीन. त्या काळच्या दानशिळांवर, दान मोडणाऱ्यास उद्देशून, गाढवाच्या चित्रासकट एक अशी शिवी कोरण्याचा प्रघात होता की ती येथे लिहिता येत नाही. तिला गधेगाळ म्हणतात. आमच्या खात्याच्या सातबाऱ्यावर अशी एक जागा छापलेली असती तर निम्मे दिवाणी दावे उभेच राहिले नसते.

भोजनाच्या रकान्यात वालाचे बिरडे होते, अलिबागचा पांढरा, गोडसर कांदा होता, नवगाव-अलिबागच्या बेने इस्रायलांचा भिजवलेल्या पोह्यांचा नि नारळाचा मलिदा होता, आणि थंडीच्या दिवसांतली पोपटी होती. ही पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करून, मडके उपडे घालून भोवती जाळ करायचा. भांबुर्डा हा पाला आहे हे मला साठाव्या वर्षी कळले. आम्हां पुणेकरांस भांबुर्डे म्हणजे शिवाजीनगरचे जुने नाव, आणि तेथे कोणी कोंबडी भाजल्याची नोंद नाही. सर्वांवर कडी म्हणजे जिताडा. या मत्स्यराजाची ख्याती अशी की, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात एखादे काम अडले तर साहेबांच्या घरी जिताडा पाठवीत, आणि काम सुटे, असे जुने लोक सांगतात. मी बत्तीस वर्षे साहेब होतो, परंतु पुण्याकडचा. मला कोणी साधा बोंबील पाठविला नाही.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. मी जन्माने शाकाहारी, मताने मत्स्याहारी आणि व्यवहारात काट्यांना भिणारा मनुष्य आहे. माशांची नावे मी पुस्तकांतून पाठ केली आहेत. ताटात आलेला मासा पाण्यात असताना कोण होता हे मला वाढप्यास विचारावे लागते. याउलट सौभाग्यवती, जिच्या माहेरी कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, ती लग्नानंतर बारा-तेरा वर्षांनी दादरच्या एका खानावळीत माझ्यासमोर बांगडा असा सोलून बसली की, पुस्तकाचे पान उलटावे तसा काटा एका बाजूस आणि मांस दुसऱ्या बाजूस. त्या हस्तकौशल्याचे मूळ काय, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनात यायला हवा होता. मी सुरमईच्या मधल्या एकमेव काट्याशी झुंजत होतो. मला सवड नव्हती.

मालवणच्या बाजूची कैफियत अखेर मलाच लिहावी लागली, आणि ती मी प्रतिपक्षाचा वकील लिहील तितक्या आस्थेने लिहिली. सिंधुदुर्ग, पायाभरणी १६६४, तटबंदी सुमारे तीन किलोमीटर. पिंगुळीची चित्रकथी. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा. दशावतार. कोंबडी-वडे, सोलकढी, तिसऱ्या, घावणे, नारळाच्या गोड रसात बुडवून खायची खापरोळी, आणि दातांची परीक्षा पाहणारे खटखटे लाडू. गुणांची बेरीज केली तेव्हा, परमेश्वराची साक्ष, दोन्ही बाजूंस एकाहत्तर एकाहत्तर गुण पडले. अशा प्रसंगी आमच्या खात्यात जागेवर जाऊन पाहणी करण्याचा शिरस्ता आहे. मी तसा हुकूम काढला, आणि जवळचे म्हणून अष्टागर प्रथम घेतले. चिरंजीव म्हणाले, “म्हणजे दोन्हीकडे जाणार.” मी त्यास सांगितले की पाहणी दौरा आणि सहल या दोन भिन्न बाबी असून त्यांचे भत्तेसुद्धा भिन्न असतात.

पौष वद्य चतुर्थीस आम्ही अलिबागेत उतरलो. चौल पाहिले, एके काळी जगाची गलबते जेथे लागत तेथे आता नारळ लागतात. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट पाहिला. अक्षीच्या शिलालेखापुढे मी पाऊण तास उभा राहिलो आणि सौभाग्यवती रस्त्यापलीकडे, सावलीत, मी निघण्याची वाट पाहत उभी राहिली. दुसरा दिवस मात्र मी राखून ठेवला होता: सकाळी विश्रांती, मग कुलाबा किल्ला, आणि नंतर चार वाजता एका खानावळीत आगाऊ सांगून ठेवलेले जिताड्याचे कालवण.

आता कुलाबा किल्ल्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याने माझे चरित्र लिहिले आहे. शिवाजीमहाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० साली, याचे काम सुरू झाले. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे. किल्ला समुद्रात आहे. परंतु ओहोटीच्या वेळी समुद्र मागे सरतो आणि किनाऱ्यावरून किल्ल्यापर्यंत पायी चालत जाता येते, घोडागाड्यासुद्धा जातात. भरती आली की तेथे गळ्याच्याही वर पाणी असते. तेव्हा भरती-ओहोटीची वेळ माहीत असणे अगत्याचे. खानावळीच्या गल्ल्यावर कोणीही ती सांगितली असती. भिंतीवर लिहिलेली होती. सौभाग्यवतीच्या हातातील यंत्रावरही ती क्षणात दिसली असती. परंतु मी म्हणालो की त्याची गरज नाही, गणित आहे.

हे गणित रत्नागिरीकडच्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला शिकविले होते, आणि ते अत्यंत सुंदर आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती, मग पक्ष कोणताही असो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे, म्हणजे ढोबळमानाने पाऊण तास, मागे पडतो, त्यामागोमाग समुद्रही. अवसपुनवेस मध्यान्हीच्या सुमारास भरती, तेथून एकेका तिथीस पाऊण पाऊण तास पुढे. माझ्या सहकाऱ्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवत होते. तो म्हणाला होता, “तिथीची पाऊणपट करा, पाणी निघतं.”

त्याच्या बोलीत ‘पाणी’ म्हणजे भरतीची वेळ, आणि ‘निघतं’ म्हणजे हिशेबातून निघतं, उत्तर निघावे तसे. मी त्याचा अर्थ असा केला की त्या वेळेस पाणी निघून जाते.

पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचार वाजता समुद्र पूर्ण रिकामा, हा माझा सिद्धान्त झाला. आणि त्यावरून मी असे ठरविले की पाऊण वाजण्याच्या सुमारास, पाणी निम्मे उतरलेले असताना, गुडघाभर पाण्यातून किल्ल्यात जावे, तीन तास इतिहासात घालवावेत आणि पावणेचारास कोरड्या वाळूवरून, पादत्राणे घालून, जिताड्याकडे प्रयाण करावे.

आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा गर्दी सगळी किल्ल्याकडून गावाकडे येत होती. एका शाळेची पोरे धावत आली, त्यांचे मास्तर त्यांच्यामागे ओरडत आले, एक नवदाम्पत्य छायाचित्रकारासह विजारी दुमडून आले. मी सौभाग्यवतीस म्हणालो, “पाहिलंस? लोकांना गणित येत नाही. आता कुठं पाणी उतरायला लागलंय आणि हे परत निघाले.” शेवटची घोडागाडी पाण्यातून खडखडत बाहेर आली, गाडीवाल्यास मी किल्ल्याचे भाडे विचारले, तेव्हा तो घोड्यास थोपटत म्हणाला, “काका, पानी चरतंय. आता नाय जायाचं.” मला गाडीवाल्यांच्या या क्लृप्त्या चांगल्या ठाऊक आहेत, भाडे वाढवून घेण्यासाठी ते पावसाचे, घोड्याच्या पायाचे आणि प्रसंगी पंतप्रधानांच्या आगमनाचेही कारण सांगतात. मी त्यास शांतपणे सांगितले, “पाणी चढत नाही, उतरतंय. आज पंचमी.” त्याने माझ्याकडे, मग सौभाग्यवतीकडे पाहिले. त्या दुसऱ्या दृष्टिक्षेपात जी करुणा होती ती मला त्या वेळी कळली नाही.

आम्ही पाण्यात शिरलो. घोट्याशी असलेले पाणी दहा पावलांवर पोटऱ्यांशी आले, तेव्हा मी म्हणालो की मध्ये थोडा खळगा असावा. ते गुडघ्यांशी आले, तेव्हा मी उतरत्या पाण्यात लाटा किनाऱ्याकडेच का येतात याचे स्पष्टीकरण दिले. ते मांड्यांशी आले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, “अहो, हे उतरणारं पाणी मला वर ढकलतंय.” मी उत्तर दिले नाही, कारण माझे दप्तर, एकोणीस पृष्ठांसह, मी डोक्यावर धरले होते आणि त्या स्थितीत युक्तिवाद करणे कठीण असते. शेवटची वीस पावले कशी गेली ते सांगण्यासारखे नाही. किल्ल्याच्या दारात पोहोचून मागे वळून पाहिले तो आम्ही आलो ती वाट नाहीशी झाली होती आणि दूर किनाऱ्यावर तो गाडीवाला अद्याप उभा होता. त्याने हात हलविला. मीही हलविला. मला वाटले, निरोप घेतो आहे.

किल्ल्याचे तट पाहण्यासारखे आहेत. दगडांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही, नुसते प्रचंड धोंडे एकावर एक रचले आहेत, म्हणजे लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर आतल्या आत मरतो. सिंधुदुर्गाच्या पायात म्हणे शिसे ओतले. येथे सांधे मोकळे ठेवले. दोन्ही टिकले. यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या, १८४९ सालच्या दोन तोफा चाकांवर उभ्या आहेत. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. चारी बाजूंस खारे पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे. हे सारे पाहण्यास मला पन्नास मिनिटे लागली. त्यानंतर सात तास ते पुन्हा पुन्हा पाहावे लागले.

पावणेचार वाजता, ज्या क्षणी समुद्र पूर्ण रिकामा व्हायचा होता त्या क्षणी, मी दारात उभा राहून समुद्र काठोकाठ भरलेला पाहिला. तो इतका वेळेवर भरला होता की मला माझ्या सहकाऱ्याचा अभिमान वाटला. एरवी भरतीच्या वेळी होड्या ये-जा करतात. त्या दिवशी वारा असा उठला की एकही होडी फिरकली नाही. देवळाजवळ लिंबू-सरबत आणि मीठ लावलेले आवळे विकणाऱ्या एक बाई होत्या. शाळेतून आलेला त्यांचा नातू पाटीइतक्या वहीत पाढे लिहीत होता. मी तिसरा आवळा घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमी मुद्दाम राह्यलाव?” सौभाग्यवती म्हणाली, “हो. यांचं गणित होतं.” नातवाने मान वर करून माझ्याकडे आदराने पाहिले. दिवसभरात मला मिळालेला तेवढाच मान.

पाचाच्या सुमारास माझी जी अवस्था झाली तिला भूक म्हणणे म्हणजे पानिपतास बाचाबाची म्हणणे. सात आवळ्यांनंतर आठवा आवळा घशाखाली उतरत नाही हे मी प्रयोगाने सिद्ध केले. किनाऱ्यावर, उघड्या डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावर, एका खानावळीत माझा जिताडा दुसऱ्या कोणाच्या पानात पडत होता. मी चिडलो. प्रथम सहकाऱ्यावर, मग पंचांगावर, मग ज्या जगात क्रियापदाला दोन अर्थ असतात त्या जगावर. आणि माणूस चिडून चिडून जेथे पोहोचतो तेथे, म्हणजे बायकोवर, अखेरीस आलो. म्हणालो, “तुला सगळं दिसत होतं, तर थांबवलं का नाहीस?” ती तटावर पाय सोडून बसली होती, लुगड्याचा ओला काठ वाऱ्यावर धरून. म्हणाली, “चौतीस वर्षांत कधी थांबलात?” आणि हे तिने रागाने म्हटले नाही, हिशेब सांगावा तसे म्हटले.

बाईंनी आपला डबा उघडला आणि न विचारता चौघांच्या वाटण्या केल्या: तांदळाची भाकरी, सुकट, आणि बुक्कीने फोडलेला पांढरा कांदा. मी सुकटीकडे पाहून क्षणभर घुटमळलो, कारण इतक्या बारीक प्राण्यात काटा कोठे असेल याचा अदमास येईना. सौभाग्यवतीने भाकरीच्या तुकड्यात चिमूटभर सुकट धरली, खाल्ली, आणि समुद्राकडे पाहत म्हणाली, “हिच्यात तिरफळ नाही.”

“कोकमं घालतो आमी,” बाई म्हणाल्या. “तिरफळ ते खालतीकडं. मालवनाकडं.”

“हो,” सौभाग्यवती म्हणाली. “ठाऊक आहे मला.”

मग तिने जे सांगितले ते चौतीस वर्षांत मी ऐकले नव्हते. तिचे वडील पोस्टात होते हे मला माहीत होते; त्यांची बदली तीन वर्षांसाठी मालवणास झाली होती आणि त्या वेळी ती सात वर्षांची होती, हे माहीत नव्हते. सकाळी समुद्रावर रापण ओढीत. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकायचे, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि दोन रांगा करून माणसांनी ते ओढायचे. दोराला जो हात लावील त्याला वाटा, हा रिवाज. एके दिवशी पोस्टमास्तरांच्या मुलीनेही हात लावला. तिच्या वाट्याला पाच लहान मासे आले, परकराच्या ओच्यात. आईने तिला ओच्यासकट अंगणातच अडविले. वडील काही न बोलता तिला शेजारच्या घराच्या मागल्या दारी घेऊन गेले. तेथल्या काकूंनी ते मासे तिरफळ घालून शिजविले आणि तिला पायरीवर बसवून, काटा काढायला शिकवीत, खाऊ घातले. पुढे तीन वर्षे दर आठवड्यास ती मागल्या दारी जात असे. घरी कोणी विचारले नाही, तिने सांगितले नाही. “वास अजून नाकात आहे. एकदा परत बघायचा होता, बस्स.”

मी म्हणालो, “मग मला हे कारण म्हणून का नाही लिहून दिलंस?”

“रकाना कुठं होता?” ती म्हणाली.

मी दप्तर उघडून पाहिले. सात रकाने होते. शेऱ्याचा रकाना मी आधीच स्वतःच्या हस्ताक्षराने भरून टाकला होता.

सूर्य बुडाला, बाईंचा नातू बाराचा पाढा म्हणत झोपी गेला. रात्री आठाच्या पुढे पाणी पोटऱ्यांपर्यंत उतरले. वद्य पंचमीचा चंद्र अद्याप उगवायचा होता. बाई पुढे, काखेत पोर आणि हातात विजेरी, मध्ये सौभाग्यवती, मागे मी, या वेळी दप्तर काखेत आणि मोकळ्या हाताने तिचा हात धरून. वाटेत ती एकदाच बोलली. “हे उतरणारं पाणी,” ती म्हणाली, “कळतंय ना?”

फाल्गुनात आम्ही पनवेलहून कोकण रेल्वेने कुडाळास आणि तेथून मालवणास गेलो. सिंधुदुर्गास होडीने जावे लागते. होडीवाल्याने माझ्याकडून पैसे घेतले, तिथी घेतली नाही, आणि या व्यवस्थेचे मला फार समाधान वाटले. गडावर राजाराममहाराजांनी बांधविलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे, चुन्यात उमटलेले हाता-पायाचे ठसे आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. दशावतारही पाहिला, लिखित संहितेवाचून रात्र रात्र चालणाऱ्या त्या नाटकातला संकासुर पहाटे दोन वाजता प्रेक्षकांतील जांभई देणाऱ्या एका वृद्धास उद्देशून काहीतरी बोलला आणि सारी सभा हसली. तो वृद्ध मीच होतो, असे नंतर कळले. तारकर्लीचा किनारा सुंदर आहे, किंवा असावा. पाण्यावर उडविण्याची यंत्रे घेऊन आमच्यामागे धावणाऱ्या तरुणांना चुकविता चुकविता मला तो पाहता आला नाही, आणि माझ्या वयाच्या माणसास समुद्रावर आपटून आणण्याचे पैसे का मागतात हे मी अजून समजू शकलेलो नाही.

पोस्टाजवळचे ते घर सापडले नाही. त्या जागी दोन मजली लॉज होते. मी सवयीने गल्लीची रुंदी पावलांनी मोजू लागलो. सौभाग्यवतीने माझी बाही धरली, मी थांबलो.

पहिल्याच दुपारी एका खानावळीत तिरफळ घातलेले बांगड्याचे कालवण मागविले. तिरफळ म्हणजे काय हे मी वाचलेले नव्हते. रश्श्यात तरंगणारे ते टपोरे, काळसर फळ मी वेलदोड्यासारखे काही असेल म्हणून दाताखाली चिरडले. आणि पुढील अर्धा तास माझी जीभ, टाळू आणि खालचा ओठ ही तीन खाती माझ्या अखत्यारातून निघून गेली. वाढणाऱ्या बाई धावत आल्या. “चावलात? तां चावूचां नसतां, काडून ठेवूचां!” मी काहीतरी उत्तर दिले, ते कोणत्या भाषेत होते कोण जाणे. सौभाग्यवती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते पाणी हसू थांबल्यावरही थांबले नाही. मी बधिर जिभेने विचारले, “हेच का?”

तिने आणखी एक घास घेऊन पाहिला. “नाही. वास तोच आहे. चव ती नाही.”

शेवटच्या दिवशी पहाटे आम्ही किनाऱ्यावर गेलो. पूर्वी सकाळी ठिकठिकाणी रापणी लागत. आता यांत्रिक नौकांची पर्ससीन जाळी समुद्रातच सारे उपसून घेतात आणि दोराला हात लावणाऱ्यांस उरलेसुरले मिळते, हा तंटा या किनाऱ्यावर बरीच वर्षे धुमसतो आहे. सरकारने २०१६ साली त्या जाळ्यांवर निर्बंध घातले. निर्बंधाचा कागद आणि समुद्र यांच्यात किती अंतर असते ते मी कागदाच्या बाजूने बत्तीस वर्षे पाहिलेले आहे. तरी त्या दिवशी एक रापण लागली होती. दोन रांगांत चाळीसेक माणसे असतील, बहुतेक पन्नाशीच्या पुढची. सौभाग्यवतीने चपला काढून ठेवल्या आणि दोराला हात लावला. मी तिच्यामागे उभा राहिलो. पहिल्या हिसक्यात मी वाळूवर बसलो, दुसऱ्यात माझा चष्मा पडला. तिसऱ्यापासून मात्र मला लय सापडली असावी, कारण माझ्या मागच्या गृहस्थांनी ओरडणे बंद केले.

जाळ्यात फार नव्हते. आमच्या वाट्याला मूठभर पेडवे आणि दोन लहान बांगडे आले, पिशवीत घालून. आणि ती पिशवी हातात आल्यावर आमच्या ध्यानात आले की आम्ही उतरलो होतो ते लॉज शुद्ध शाकाहारी होते. त्याची निवड, मुक्कामाच्या रकान्यात नऊ गुण देऊन, मीच केली होती.

मी म्हणालो, कोणास तरी देऊन टाकू. सौभाग्यवती काही बोलली नाही. ती वाळूवरून वर चढून माडांमधील पहिल्या घराकडे चालू लागली, घराला वळसा घालून मागे गेली, आणि मागल्या दाराची कडी वाजविली. मी पिशवी घेऊन चार पावले मागे उभा होतो. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडले. हाताला पीठ लागलेले होते. त्यांनी आम्हांला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले, माझ्या हातातील पिशवीवर नजर थांबविली आणि विचारले, “तुमी खयसून इलात?”

पुण्याहून, असे सांगण्यास मी तोंड उघडले होते.

“हयचीच,” सौभाग्यवती म्हणाली. “पोस्टमास्तरांची.”

बाईंनी दार आणखी उघडले. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, कारण पहिल्या बाहीत कोपरापर्यंत पाणी गळत होते.